आतोबा आणि दगडूचा खांदा

आमच्या आतोबांनी ज्यात खोड काढली नाही असा प्राणी, पदार्थ किंवा पाहुणा उभ्या खानदेशात सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. अमळनेरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस पारखायला होते. गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, उजेडाकडे करून धाग्याची लांबी पाहायची, आणि नमुना निळ्या कागदाच्या पुडीत बांधून वर लिहायचं: गाव, गुण, खोड. ही तीन घरं भरल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच वस्तू पुरी झाल्यासारखी वाटत नसे. आत्याच्या हातची कळण्याची भाकरी खाताना ते म्हणत, "चव एक नंबर. कड जाड." आत्या दुसरी भाकरी वाढत म्हणे, "खाणाऱ्याची जीभ लांब. बाकी ठीक." माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या बाजूचे वडीलधारे म्हणून त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा सरळ आहे. फक्त उन्हात धरला तर आरपार दिसतो." तरीही सासऱ्यांनी मुलगी दिली. त्यांना कमी ऐकू यायचं.

अशा माणसाला कुस्त्यांचं वेड असणं ओघानंच आलं. स्वतः कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे काटकुळे, जन्मात लंगोट कसला नाही; पण यात्रेच्या फडावर पैलवान सलामीला आले की आधी चोरून आतोबांकडे पाहत. पहूरच्या एका नामी पैलवानाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "मान बैलाची, दम कोंबड्याचा." तो वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पळायला लागला.

जिनात दगडू नावाचा हमाल होता. कापसाचे दाबलेले गठ्ठे, म्हणजे गासड्या, रेल्वेत भरायला भुसावळला जाता-येता तो रेल्वेच्या एका गोऱ्या गार्डाकडून बॉक्सिंग शिकला आणि तिथल्या चार-पाच जणांना त्यानं लोळवलंही. आता मुंबईचा लढती भरवणारा एक ठेकेदार त्याची लढत पाहायला यायचा होता. पसंत पडला तर मुंबईला, ठोशांवरच पोट भरायला. नाही तर जन्मभर गासड्या. सगळे त्याची पाठ थोपटत होते. तो मात्र आतोबांपुढे येऊन उभा राहिला. "आबा, बठ्ठा म्हंतस मी भारी शे. तुम्ही खोड सांगा."

आतोबांनी बॉक्सिंग कधी पाहिलं नव्हतं. "हे एकमेकांना धरत का नाहीत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग दगडूसमोर उभं करायला माणूस हवा झाला. जिनातले सगळे हमाल एकाएकी कामाला लागले. मी तिथं कारकून होतो, आणि पळून जाण्याची अक्कल मला नेहमी उशिरा सुचते. हातमोज्यांसाठी गोणपाटाच्या पिशव्यांत कापूस भरला. तोही आतोबांनी आखूड धाग्याचा निवडला. माझ्या नाकासाठी चांगला माल वाया घालवायचा नव्हता.

नवल असं की दगडूचे सगळे ठोसे मी चुकवले. मी छाती काढून आतोबांकडे पाहिलं. ते गंभीर झाले होते.

"तू अजून उभा आहेस," ते म्हणाले, "म्हणजे याच्यात मोठी खोड आहे."

मग त्यांनी पारख सांगितली. पाय हलके, डावा हात पहिल्या प्रतीचा, दम भरपूर. "पण दगडू, तुन्हा खांदा पह्यले बोलस, मंग हात." गासडीला भिडण्याआधी हमाल उजवा खांदा खाली टाकतो, तीच सवय ठोशाआधी दिसत होती. माझ्यासारख्याला दिसते, तर मुंबईवाल्याला दिसणारच.

दगडूनं हातातल्या पिशव्या उतरवल्या. "आबा, पोट ह्याच खांदावर शे."

खोड सांगितली की आतोबा उठून चालू लागत. त्या दिवशी ते उठले नाहीत. बराच वेळ त्यांनी बोटांत कापूस चोळला, मग त्याचा एक बोळा करून दगडूच्या उजव्या खांद्यावर ठेवला. "हात सुटण्याआधी हा पडला, की पुन्हा पहिल्यापासून."

तीन आठवडे रोज काम संपल्यावर बोळा पडत होता आणि मी बचावत होतो. एका संध्याकाळी मला ठोसा दिसलाच नाही. डोळे उघडले तेव्हा आतोबा माझ्यावर वाकले होते. लागलं का विचारतील, असं मला वाटलं.

"खांदा दिसला?"

"नाही."

"मग खोड गेली," असं म्हणून ते दगडूकडे वळले.

भुसावळच्या लढतीत दगडूनं दुसऱ्याच फेरीत समोरच्याला आडवा केला आणि ठेकेदारानं त्याला पसंत केलं. अमळनेरच्या फलाटावर आतोबांच्या पाया पडून त्यानं विचारलं, "आबा, आते काय खोड ऱ्हायनी?" आतोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडीमा बस. सुटी जाई ती." बस, एवढंच. आतोबांच्या तोंडून शेवटचा निकाल न ऐकता गेलेला माझ्या माहितीतला तो एकच इसम.

मुंबईहून पहिली दोन वर्षं कार्डं आली. कधी जिंकलो, कधी हरलो. मग दगडू कोलंबोपर्यंत लढून आला असं कुणाकुणाकडून कळायचं. अमळनेरला तो आला नाही.

गेल्या वर्षी आतोबा गेले. त्यांची पेटी आवरताना आत्याला आणि मला तळाशी एक निळी पुडी सापडली. आत कापसाचा मळकट बोळा. मी सवयीनं अंगठ्यांत धरून ओढला आणि उजेडाकडे केला. धागा चांगला लांब होता. माझ्या नाकाच्या वाट्याला आलेला तो माल नव्हे.

वर लिहिलं होतं, गाव अमळनेर. गुण म्हणून चार ओळी: पाय, डावा हात, दम आणि शेवटी खांदा. खोडीचं घर बराच काळ मोकळं राहिलं असावं, कारण त्यातली अक्षरं निराळ्या शाईची होती: "घरी येत नाही."

आत्यानं माझ्या हातातून बोळा घेतला आणि पुडी पुन्हा होती तशी बांधून ठेवली.