रुपरावांचं नाक

रुपराव काळबांडे नागपूरच्या अग्निशमन दलात फायरमन. गाव काटोलकडचं, शेती भावाच्या हाती. आगीत शिरताना तोंडातून शब्द निघायचा नाही, एरवी मात्र तोंड बंद व्हायचं नाही.

मुलीच्या, भूमिकाच्या साखरपुड्याला पाहुणे चहा घेत होते आणि फोन आला. रुपराव हात जोडून पळाले. परतले तेव्हा पंगत उठत होती, आणि हे टाळूपासून पायापर्यंत काळे. व्याह्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?"

"पोरीचा बाप," रुपरावच म्हणाले. "काळजी नका करू, धुतल्यावर उजळ निघते."

सगळे हसले. अंगठी घालून घेताना भूमिका सारखी दाराकडे पाहत होती, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. दिवाळीचं लक्ष्मीपूजन तर त्यांच्याशिवायच व्हायचं. अख्खं शहर फटाके फोडत असताना फायरमन घरी कसा असणार?

मग एका उन्हाळी दुपारी इतवारीत कापडाचं गोदाम पेटलं. हातठेले आणि टेम्पोंमुळे बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. पाइप खांद्यावर घेऊन सगळे आत धावले. वरच्या माळ्यावर गठ्ठ्यांमागे एक म्हातारा हमाल रुपरावांना सापडला, शुद्ध हरपत चाललेला. त्यांनी आपला मास्क काढून त्याच्या तोंडाला लावला, त्याला पाठीवर टाकलं आणि जिना उतरले. जिना लांब नव्हता, पण नायलॉनच्या धुराला तेवढाही पुरतो.

हमाल वाचला. रुपराव रामदासपेठेतल्या दवाखान्यात खोकत पडले. तिथंही नर्सला म्हणाले, "ताई, खिडकी उघडा. आतून धूर निघून राहिला."

घरी आल्यावर बायकोने, गोपिकाताईंनी, भरल्या वांग्याचं ताट समोर ठेवलं. वाफ आली, वास आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, महिन्यानंतरही नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, कदाचित येणारही नाही. रुपरावांनी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. साहेबांना कळलं तर फोनपाशी खुर्चीत बसवतील. त्यापेक्षा आग बरी.

आता नाटक सुरू झालं. दारातून येता येता ओट्यावरचा बेसनाचा डबा हेरायचा आणि म्हणायचं, "वा! झुणका केला का वं?" गोपिकाताई खूश. पण एकदा त्या बाहेर गेल्या असताना गॅसवरचं दूध करपलं, अख्ख्या जिन्यात वास पसरला, आणि फायरमन बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेला. शेजारच्या कुसुमताई धावत आल्या.

"पाहून राहिलो होतो," रुपराव म्हणाले, "शेजारी किती वेळात येते ते!"

कुसुमताईंनी ही गोष्ट तिखटमीठ लावून गोपिकाताईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी गोपिकाताईंनी पदराला हिंगाचं पाणी चोपडलं आणि नवऱ्यासमोर धरला.

"भूमिकानं अत्तर पाठवलं. कसं आहे, सांगा बरं."

रुपरावांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "मोगरा! एक नंबर!"

गोपिकाताई इतक्या हसल्या की ओट्याला टेकल्या. हसता हसता खाली बसल्या आणि तोच हिंगाचा पदर डोळ्यांना लावला.

"कधीपासून?"

"इतवारीपासून."

"साहेबांले सांगा."

"काहून? टेबलावर बसवतील मले."

"एखाद्या घरात गॅस लीक असला, अन् तुम्ही सगळ्यात पुढं. मागून पोरं येऊन राहिली. त्यांले काय सांगाल? मोगरा?"

संध्याकाळी रुपराव साहेबांकडे गेले.

आगीवरची ड्यूटी सुटली. काही दिवस फोनपाशी बसले. घंटा वाजली की खुर्चीतून अर्धे उठायचे, मग लक्षात येऊन बसायचे. हसणं बंद झालं. घरी गोपिकाताई जेवताना एकेका पदार्थाचा वास सांगायच्या. प्रयागबाईंकडे, म्हणजे नणंदेकडे दोघं जेवायला गेले की नवऱ्याच्या कानात न चुकता म्हणायच्या, "करपलं आहे." रुपरावांना तपासायची सोय नव्हती.

शेवटी साहेबांनी त्यांना नव्या भरतीला शिकवायला पाठवलं. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत शिरायचं आणि आतला माणूस ओढून आणायचा, असा सराव. माणूस म्हणून वाळूचं पोतं असायचं. रुपरावांनी पोतं हटवलं आणि स्वतः आडवे झाले.

पहिली आली वेदिका, काटक मुलगी. तिने काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली, तर खालून म्हातारीचा आवाज आला, "हळू वं माय! माझी चप्पल राहिली आत. जाय, घेऊन ये!"

वेदिका बिचारी चप्पल शोधायला वळली.

"मेलीस!" म्हातारीचे रुपराव झाले. "चपलेसाठी फिरलीस? तू मेलीस अन् तुझ्या मागचाही मेला. आतलं माणूस काहीही मागीन, आपण द्यायचं नाही. मास्क तर मुळीच नाही!"

वेदिकाने पट्टी वर केली. "पण सर, तुम्ही तर दिला होता."

बाहेर रांगेतली पोरं दाराशी सरकली.

"दिला होता," रुपराव म्हणाले. "म्हणून तर इथं म्हातारी होऊन पडून राहिलो."

रांगेत हशा पिकला. वेदिकाने पट्टी खाली ओढली, त्यांना काखेत धरलं आणि एका दमात बाहेर आणलं. म्हातारी चपलेसाठी शेवटपर्यंत रडत होती. वेदिकाने या खेपेला कानावर काही घेतलं नाही.