लाकडी केळफुलांचा चौक

लग्न होऊन मी रामटेकहून नागपुरात आले, ती महाल नावाच्या वस्तीतल्या, शुक्रवारी नावाच्या तलावाजवळच्या एका जुन्या चौकात. त्याचं नाव काही मी इथं लिहिणार नाही. नागपूरच्या राजांच्या काळातल्या कुठल्याशा सरदारावरून ते पडलेलं, आणि नेमकं तेच नाव आमच्या ह्यांचं. साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट सांगते आहे. तेव्हा बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती उखाण्यात, एरवी नाही. मग चौकाचं तरी कसं घेणार? सासूबाई नुसतं ‘आपला चौक’ म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

चौक मात्र बघत राहावा असा. पश्चिमेला काळ्या दगडाचा दरवाजा. त्याच्या कमानीत दगड एकमेकांत असे बसवलेले की मध्ये सुई जाणार नाही. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आमच्या वेळी एका देवडीत सायकली दुरुस्त होत आणि दुसरीत एक बाई संत्री विकायला बसे. पहारेकऱ्यांसाठी बांधलेली जागा, पण उन्हात त्या बाईलाही तशीच गार सावली मिळायची. दरवाजावर नगारखाना. नगारे कधीच गेलेले, पारवे तेवढे घुमत.

आणि आमच्या समोरच्या घराचा सागवानी सज्जा! त्याच्या तुळयांच्या टोकांना कोरलेली केळफुलं उलटी लटकत होती. सगळी सारखी नाहीत हं. एक अगदी मिटलेलं, तर एकाची वरची पाकळी नुकती उकलू लागलेली. कोरणाऱ्याला घाई नव्हती एवढं नक्की. ओट्यावर तांदूळ निवडायला बसले की माझे हात सुपात आणि डोळे वर.

“वर काय पाहून राहिली वं? खडे राहतीन ना तांदळात,” सासूबाई म्हणायच्या.

त्या वर्षी रामटेकला माझी आई पाय घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. तिच्याजवळ एका शेजारणीखेरीज दुसरं कोणी नव्हतं. मला पोचवायला-आणायला ह्यांना दर वेळी रजा मिळेना. मी म्हटलं, एकटी जाते. सासूबाई विचारात पडल्या.

“जाय. पण येतानी नीट घरी येऊन दाखव. रस्ता चुकली तं पुन्हा एकटीनं जायची गोष्ट काढू नको.”

आईकडे राहून परत आले आणि बस स्टँडवर सायकलरिक्षात बसले.

“कुठं जायचं, बाई?”

“महालात.”

“महाल का लहान हाय? चौक कोणता?”

आता आली पंचाईत. मी म्हटलं, “भाऊ, तो नाही का, केळफुलं लटकलेली असतात तो.”

“असं सांगा ना,” म्हणून त्यानं पायडल मारलं. मी आपली खूश. रिक्षा थांबली ती भाजीबाजारात, केळफुलांच्या ढिगासमोर.

“महालात कुठं भेटतीन? ताजी इथंच राहतेत,” तो म्हणाला.

“अहो, भाजीची नाही, लाकडाची.”

“लाकडाची कोन खाते?”

मला रडूच यायला लागलं. आई डोळ्यांसमोर आली. घाईघाईनं दरवाजा सांगितला, देवड्या सांगितल्या, नगारखाना सांगितला. त्याच्या डोक्यात काही उतरेना. ढिगामागची भाजीवाली ऐकत होती. तीच त्याच्यावर ओरडली, “काहून छळतं गा तिले? मालकाचं नाव असंन त्या चौकाले.” मग माझ्याकडे वळून ती महालातले चौक एकेक करून म्हणू लागली. मी ‘नाही’ म्हणून मान हलवत राहिले. बरोबर नाव आलं तसा मी पदर कपाळावर ओढला.

“ने तिले तिथं,” ती म्हणाली आणि हसत सुटली.

सासूबाई ओट्यावर वाट पाहत उभ्या होत्या. “उशीर काहून झाला?”

मी काही लपवलं नाही. ऐकून त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पायऱ्या उतरून सरळ चौकाच्या मधोमध गेल्या आणि मान वर करून सज्जाकडे पाहू लागल्या. एक सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

“केळफुलं होय? मी तं इतके दिवस कमळाच्या कळ्या समजत होती.”

मी भीत भीत विचारलं, “मग पुढल्या महिन्यात आईकडे?”

“जाय ना. पण रिक्षावाल्याले कमळं नको सांगजो. शुक्रवारी तलावात नेऊन टाकीन तो तुले.”