बायांचा घाट आणि भाऊजींची सभा

बायको जाऊन आता दीड वर्ष होईल. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत, ते तुम्हाला दिसेलच. रडगाणं लिहीत नाही, रडकी माणसं तिला आवडत नसत. एका निवडणुकीत ती उभी नव्हती तरी जिंकली, ते तेवढं सांगतो.

गोंदिया वेगळा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आमचं गाव लाखांदूरकडचं, भंडाऱ्यातच राहिलं. गावाला मोठा तलाव आणि त्याच्या एका अंगाला बायांचा घाट. रोवण्याच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून धानाची रोपं लावतात. संध्याकाळी घाटावर अंग धुवायचं, चार गोष्टी बोलायच्या, मग घर, अशी जुनी रीत. ती बंद पडली पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, बाकड्यांमुळं. ग्रामपंचायतीनं सिमेंटचे बाकडे बसवले, तेही तोंड घाटाकडं करून, कारण काय तर हवा तिकडून येते. रोज संध्याकाळी माणसं तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसू लागली. बाया अंधार पडायची वाट पाहू लागल्या, नाहीतर अंगणात लुगडं आडवं धरून दोन तांब्यांत भागवू लागल्या. चिखल वाळला की कातडी ओढते, खाज सुटते. आमची तर रात्रभर खाजवायची आणि मला झोपू द्यायची नाही.

हे बाकडे बसवणारा मेंबर माझा चुलतभाऊ. माझ्याहून धाकटा, म्हणून तिचा भाऊजी. तो पुन्हा उभा होता. आमच्या बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा चालू असताना हा पांढरे कपडे घालून धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, मतं मागायला आला. आमच्याकडं रोवण्याच्या वेळी कोणी असा आला की बाया त्याच्या पायाशी पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी ठेवून त्याला अडवतात. काही दिल्याशिवाय सोडत नाहीत. भाऊजीला हे ठाऊक, त्यानं हसत खिशात हात घातला.

"नोट ठेवा खिशातच," आमची म्हणाली. "आमाले आमचा घाट द्या."

"घाट तं तुमचाच आहे, वयनी."

"घाट आमचा, बाकडे तुमचे. आमी पाण्यात उतरलो का तुमचे मतदार वरून पाहून राहतेत."

मागून एक म्हातारी बोलली, "बाकड्याचं तोंड कोणीकडं कराव, हे बी आमीच सांगाव काय?"

बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया आणि आमच्याकडच्या बाया यांचे एरवी दहा वाद. पण घाटाच्या बाबतीत त्यांचं एकच तोंड होतं. भाऊजीनं मनातल्या मनात मतं मोजली असावीत. म्हणाला, "निवडून आलो का भिंत बांधतो. बायांचा हक्क, हाच आपला मुद्दा."

"आत्ताच काहून नाही?"

"आचारसंहिता लागली ना, वयनी. एक वीट नाही लावता येत."

बायांनी पेंडी उचलली आणि त्याला जाऊ दिलं.

नंतर गावात भोंग्याचा ऑटो फिरला. महिलांच्या सन्मानासाठी, महिलांच्या स्वतंत्र घाटासाठी जाहीर सभा. ठिकाण, बायांचा घाट. वेळ, संध्याकाळची. यात काही चुकतंय असं गावातल्या एकाही माणसाला वाटलं नाही. मी घरचा वडीलधारा म्हणून मंचावर.

खुर्च्या भाड्याच्या, त्यांना पांढऱ्या खोळी. सगळ्या खुर्च्यांवर माणसं. भाऊजी भिंतीची उंची हातानं दाखवत होता, तेवढ्यात रोवण्याच्या बाया आल्या. कमरेपर्यंत चिखल. थोडा वेळ मागं उभ्या राहिल्या. मग आमची सरळ पुढं आली. पहिल्या रांगेतला एक जण चिखल पाहून उठला, त्याच्या खुर्चीत ती बसली. तिच्या शेजारचा धोतर सावरत उठला, तिथं दुसरी बसली. अशी सगळी रांग उठली आणि मागची रांगही. खुर्च्यावाला डोकं धरून बसला.

भाऊजी माईकवरच म्हणाला, "वयनी, अंग धुऊन आल्या असत्या तं बरं झालं असतं."

"कुठं धुवाव? घाटावर तं तुमची सभा आहे."

आधी बाया हसल्या, मग माणसं. मी मंचावर बसून इतका हसलो की भाऊजीनं वळून पाहिलं.

ती उठून उभी राहिली. "भिंतीले आचारसंहिता आहे, भाऊजी. पाळीवरून उठाले नाही. उठा आता, आमाले पाण्यात जाऊ द्या. अंग ओढून राहिलं."

भाऊजी काही झालं तरी निवडणुका लढलेला माणूस. त्यानं घसा साफ केला आणि जाहीर केलं, "सभा संपली. समस्त माणसांनी आपापल्या घरी जावं."

त्या दिवसापासून मतदानापर्यंत तो रोज संध्याकाळी पाळीच्या वाटेवर तलावाकडं पाठ करून उभा राहायचा आणि माणसांना परत पाठवायचा. समोरच्या उमेदवारानं त्याला घाटाचा चौकीदार म्हणून चिडवलं. एक जण हल्ल्या घेऊन आला, म्हणजे रेडा. "माह्या हल्ल्याले पाणी पाजाचं आहे."

"हल्ल्या जाईल. तू थांब."

हल्ल्या एकटा गेला, चांगला डुंबून आला. मालक तोवर वाटेवर बसून.

भाऊजी निवडून आला. बाकड्यावरच्या माणसांनी त्याला मत दिलं नसावं, बायांनीच तारलं. घरी मी म्हटलं, "शेवटी माह्या भावालेच दिलं ना मत?"

"मी चौकीदाराले दिलं," ती म्हणाली.

मतं पडली की भाऊजी घाट विसरेल, असं मला वाटलं होतं. बायांनी विसरू दिलं नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं तशी भिंत उभी राहिली, पुरुषभर उंच. बाकडे शाळेपुढं गेले. मग मात्र आमचं जेवण उशिरा होऊ लागलं. बाया आत गेल्या की निघायचं नाव नाही. बाहेरच्या वाटेवर फक्त हसणं ऐकू यायचं. मी विचारायचो, "येवढं काय बोलता आत?"

"तुमाले कायले पाहिजे?"

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तिच्याजवळ बसून होतो. पोटाला टाके. म्हटलं, आता तरी सांग, तिथं काय बोलत होत्या. तिला काहीतरी आठवलं असावं. पोटावर हात दाबून हसू लागली. म्हणाली, "नोका इचारू, टाके दुखतेत."

सांगितलं मात्र नाही.