चोपणातलं मैदान

आमचा मुलींचा फुटबॉल क्लब कसा सुरू झाला, हे खरं खरं सांगितलं तर लोक हसतात. कोऱ्हाळ्याजवळ एका आबांची लांबट, चिंचोळी जमीन पाणी पिऊन पिऊन चोपण झाली होती. वर पांढरं मीठ फुटायचं, पीक म्हणून येत नव्हतं. "तितं गवत बी येत न्हाय, पोरी नाचल्या तर काय बिघडतंय," असं म्हणून त्यांनी ती आम्हाला खेळायला दिली. कॉलेजात फुटबॉल खेळलेली एक ताई लग्नानंतर बारामतीत आली होती, नवरा एमआयडीसीत कामाला. ती स्कूटीवरून शिकवायला यायची. झाला क्लब.

मैदानाच्या दोन्ही अंगांना आबांचाच उभा ऊस. जिनं बॉल बाजूला मारला तिनंच आत शिरून आणायचा, असा नियम. उसाची पानं हातातोंडाला कापतात, आणि आत काय वेटोळं घालून बसलं असेल याचा भरवसा नाही. त्यामुळे आमच्यातली एकही जण कडेला बॉल मारायची नाही. सरळ पुढं, नाहीतर सरळ मागं. आम्हाला वाटायचं, फुटबॉल असाच असतो.

पहिली मॅच भिगवणला झाली. तिथलं मैदान हे एवढं रुंद! समोरच्या पोरी कडेकडेनं बॉल घेऊन निघायच्या आणि आम्ही मधोमध घोळका करून बघत उभ्या. कडेला गेलेला बॉल म्हणजे उसात गेलेला बॉल, हे पायांत पक्कं बसलेलं. ताई बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. गोल किती खाल्ले ते आम्ही गावात कुणाला सांगितलं नाही. येताना ताईनं ढाब्यावर मासे खाऊ घातले. दुःख खरंच झालं होतं, पण ताटात कुणी काही ठेवलं नाही.

बातमी आमच्या आधीच गावात पोचली होती. आई एवढंच म्हणाली, "झाली हौस? उद्यापास्नं सकाळच्या धारा तूच काढायच्या." आमचा सराव सकाळचा आणि डेअरीत दूध घालायची वेळही तीच, म्हणजे खेळ बंद. आणखी चौघी अशाच घरी बसल्या. या परत आल्या नाहीत तर क्लब बंद करावा लागेल, असं ताईनं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकून रडले. म्हशीनं पान्हा चोरला, म्हणून वर बोलणीही खाल्ली.

त्या संध्याकाळी मी मैदानावर गेले तेव्हा आबा ताईला विचारत होते, "हरला कशापायी?" ताईनं सगळं समजावून सांगितलं. आबा उसाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "म्हंजी आमच्या उसानं हरवलं म्हना की! धा-बारा सऱ्या काढल्या तर भागंल का?"

त्यांच्या बायकोनं आकाशपाताळ एक केलं. "डोस्कं फिरलं का तुमचं? काळं रान हाय ते!"

"चोपणात खेळून हरल्या न्हवं? आता काळ्या रानात खेळू द्या."

उन्हाळ्याचे दिवस. हिरवी वैरण कुठं मिळत नव्हती. ऊस बेण्याला, म्हणजे लागवडीला जाणार आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडणाऱ्यानं वैरणीला न्यायचे, असं आबांनी गावात सांगितलं. पोरींना घरी बसवणाऱ्या सगळ्या आया कोयते घेऊन हजर! त्यांत माझीही. त्यांनी ऊस तोडला, आबांनी ट्रॅक्टर फिरवून बुडखे काढले, जमीन सपाट केली. कामं आटपली तेव्हा संध्याकाळच्या वेळी ताईनं आम्हा पाचजणींनाही थोडा वेळ खेळायला बोलावलं. आई राहिलेला वाढ्यांचा भारा न्यायला आली होती.

मी कडेला होते. बॉल आला आणि पुढं ऊस नव्हता, नुसती मोकळी काळी माती. मी जी पळाले! तसं मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. थांबले तेव्हा बघते तर आई डोक्यावर भारा तसाच घेऊन उभी. तो खाली ठेवावा, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मग ती तशीच घरी गेली.

सकाळी मी गोठ्यात गेले तर आई आधीच चरवी घेऊन बसलेली. "बूट घाल जा," ती म्हणाली. "म्हशीचं काय तुझ्यावाचून अडत न्हाय."

चौघी परत आल्या, क्लब राहिला. पुढं इंदापूरला आम्ही कप जिंकलो, तोही कडेनं आलेल्या बॉलवर. दोघी जिल्ह्याच्या संघात गेल्या. आबांनी त्या सऱ्यांत पुन्हा ऊस लावला नाही. त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही. आता धाकट्या पोरींना मी शिकवते, आणि स्वतःही खेळतेच.

आईच्या बोटांना हल्ली मुंग्या येतात. मागच्या महिन्यात मी म्हटलं, धारा काढायचं मशीन आणू या. मला वाटलं, नको म्हणेल.

"आन की," ती म्हणाली. "तुझ्या सगळ्या मॅची सकाळच्या. तुला पळताना म्या एकदाच बघितलंय."