शेळीनं खाल्लेली पॉलिसी

आमच्या गाडीच्या डिक्कीत एक फ्लेक्स, एक प्रोजेक्टर आणि मार्करचा डबा असतो. फ्लेक्स फाटतो, प्रोजेक्टर ऐनवेळी दगा देतो, मार्कर सुकतात. वाढतात ते फक्त किस्से! गाडी चालवणारा आणि प्रोजेक्टरशी भांडणारा माझा सहकारी सुभाष म्हणतो, “ताई, किश्श्याईले डिक्की लागत नाही म्हणून बरं हाय. नाही तं टपावर बांधा लागले असते.”

वाशीम जिल्ह्यातल्या शाळांमध्ये जायचं आणि मुख्याध्यापकांपासून खिचडी शिजवणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना बालसुरक्षा धोरण समजावून सांगायचं, हे आमचं काम. ‘धोरण’ फक्त छापील कागदावर. तोंडी सगळे पॉलिसीच म्हणतात.

पॉलिसीत नियम बरेच आहेत. पण खरं सांगू का, माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो. उद्या एखादं लेकरू भीत भीत काही सांगायला आलं, तर समोरचं मोठं माणूस ऐकेल का? की “चूप बैस, कोणाबद्दल बोलून राह्यली समजते का?” म्हणून परत पाठवेल? परत गेलेलं लेकरू पुन्हा सांगायला येत नाही हो. मला काळजी आहे ती एवढीच. बाकी सगळी गंमतच गंमत!

*

सत्काराशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही. बालसुरक्षा तरी कशी होणार?

एका शाळेत आम्ही पोचलो तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी लेकरं उभी. हातात लेझीम, कपाळाला टिळा, आणि डोक्यावर मार्चचं ऊन! आमची वाट पाहत ती कधीपासून उभी होती देव जाणे. एक बारकी पोरगी लेझीम डोक्यावर धरून सावली होते का ते बघत होती.

मी मुख्याध्यापकांच्या कानात म्हटलं, “सर, आधी लेकरांना सावलीत न्या. हा आपल्या पॉलिसीतला पहिलाच मुद्दा आहे.”

सर एकदम खुश झाले. माइक हातात घेतला आणि म्हणाले, “विद्यार्थी मित्रहो, आत्ताच म्याडमनं अतिशय मोलाची सूचना केली हाय. लेकराईले उन्हात उभं ठेवू नये! या सूचनेबद्दल जोरदार टाळ्या झाल्या पायजे!”

लेकरांनी उन्हात उभं राहून जोरदार टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शाल, श्रीफळ आणि संस्थेचा इतिहास. लेकरांना मग सुभाषनंच सावलीत नेलं, माझ्या वाट्याचं श्रीफळ फोडून वाटतो म्हणून!

*

लेकरांना आपली खासगी कामं सांगायची नाहीत, हा नियम ऐकून कोणाच्या चेहऱ्याचं काय होतं ते मी मुद्दाम बघते. अनसिंगकडच्या एका गावात एक गुरुजी असे दचकले, की मला वाटलं यांची बदलीच झाली.

“कोणतंच काम नाही, म्याडम?”

“कोणतंच नाही.”

“पाणी?”

“आपलं आपण घ्यायचं.”

गुरुजींनी खिसा चाचपला. मग अगदी दुःखी आवाजात म्हणाले, “मंग खर्रा कोण आणीन?”

आमच्या वऱ्हाडात सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा म्हणजे काही लोकांचा प्राणवायू. पानठेला शाळेपासून चांगलाच लांब होता. इतकी वर्षं वर्गातलं पोट्टं पळत जाऊन पुडी आणत होतं. आता गुरुजींना स्वतः जावं लागणार!

काही दिवसांनी मला एका बाईंचा फोन आला. आमच्या फ्लेक्सवरून नंबर घेतला म्हणाल्या. “म्याडम, मी त्या खर्रेवाल्या गुरुजीची घरवाली बोलून राह्यली. उन्हातानात जाऊन आणा लागते म्हणून अर्धा खर्रा सुटला पाहा यायचा! लय उपकार झाले.”

मी म्हटलं, “अहो, माझे कसले उपकार!”

तर त्या म्हणतात, “नाही पण म्याडम, एखादी पॉलिसी घरच्यासाठी बी काहाडा नं. गिलासभर पाणी अजूनबी मलेच मांगते!”

*

रिठदच्या पुढे एक छोटी शाळा आहे. तिथले मुख्याध्यापक फार सरळ माणूस. काहीही सांगा, लगेच अमलात! अशा माणसांचं मला फार कौतुक वाटतं आणि थोडी भीतीही वाटते.

मी त्यांना सांगितलं होतं, की बंद दाराआड एकट्या मुलाशी एकट्या मोठ्या माणसानं बोलू नये. दार उघडं असावं, बाहेरून दिसावं.

पुढच्या भेटीला गेले तर त्यांच्या ऑफिसला दारच नाही! बिजागऱ्यांसकट काढलेलं. दाराची फळी व्हरांड्यात दोन ड्रमांवर ठेवून त्यावर पोरं कॅरम खेळत होती.

“सर, दार उघडं ठेवा म्हटलं होतं मी!”

“हो नं. पण वाऱ्यानं बंद होऊन राह्यलं होतं सारखं. म्हणलं नियम म्हणजे नियम. दारच नाही तं बंद कायले होईन?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “बरं, आपली पॉलिसीची प्रत दाखवा, भिंतीवर लावली का?”

सर थोडे ओशाळले. म्हणाले, “टेबलावर ठेवली होती, म्याडम. पण दार नसल्यानं शेजारच्याची शेळी आत आली.” मग छाती काढून म्हणाले, “पॉलिसी शेळीनं खाल्ली, पण पालन सुरू हाय!”

*

लेकराला हात लावण्याआधी विचारा, हा नियम सांगितला की पहिला हात वर होतो तो पीटीच्या सरांचा.

“म्याडम, कबड्डीत काय करायचं? ‘भाऊ, तुह्या पायाले धरू का?’ असं इचारलं तं तो रेषा ओलांडून घरी जाईन!”

मी समजावलं, खेळाचं वेगळं, शिकवताना आधी सांगायचं की कुठं धरणार आणि का. पीटी सर समाधानानं खाली बसले. पण मागून शालूबाई उठल्या. शालूबाई म्हणजे त्या शाळेतल्या खिचडीवाल्या मावशी. लुगड्याच्या पदरानं अर्ध्या गावाची नाकं पुसून मोठी केलेल्या!

“अन् बाई, शेंबूड?”

“त्यालासुद्धा विचारायचं, मावशी.”

“शेंबडाले?”

“लेकराला!”

मावशींनी मान डोलावली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ओट्यावर बसलो होतो. समोरून पहिलीतलं एक ध्यान ताट घेऊन आलं. नाक दोन्ही काठांनी भरून वाहत होतं. मावशींनी पदर हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, पदर खाली सोडला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “बाप्पू, नाक पुसू का तुह्यं?”

बाप्पू म्हणाला, “नाई!” आणि ताट ठेवून पळाला.

पुढे बाप्पू, मागे मावशी, अख्ख्या मैदानाला फेरी! मावशी ओरडत होत्या, “अरे, हात नाही लावत म्या! पण परमिशन तं दे नं रे, राजा!”

शेवटी मावशींनी त्याला धुतलेला रुमाल दिला आणि स्वतः पुसायला शिकवलं. आता म्हणे तो वर्गातल्या सगळ्यांना नाक पुसायची परवानगी मागत फिरतो.

*

शिरपूरच्या एका शाळेचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे किराणा व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणतात. एकदा आमचं प्रशिक्षण सुरू असताना फाटकावर गलका ऐकू आला. बाहेर जाऊन बघते तर चौकीदार तुळशीराम फाटक अडवून उभा, आणि फाटकाबाहेर शेठजी!

“अरे तुळशीराम, मले पहचानत नाहीस काय?”

“पहचानतो नं, शेठजी.”

“तुह्या घरचा किराणा कुठून येते?”

“तुमच्याच दुकानातून येते.”

“मंग सोडून काहून नाही राह्यला?”

तुळशीराम हात जोडून, पण फाटक न सोडता म्हणाला, “शेठजी, आत्ताच म्याडमनं सांगतलं, अनोळखी माणसापरीस ओळखीच्याचीच जास्त खबरदारी घ्या. अन् तुमच्याइतकं ओळखीचं तं मले कोणीच नाही!”

मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. तुळशीरामची नोकरी गेली असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. शेठजींनी एकवार त्याच्याकडे पाहिलं, रजिस्टर ओढलं, नाव, वेळ, कामाचं कारण सगळं लिहिलं आणि ‘पाहुणा’ लिहिलेलं कार्ड गळ्यात घातलं. प्रशिक्षण संपेपर्यंत काढलं नाही. संध्याकाळी आम्ही त्यांच्या दुकानावरून गेलो तर शेठजी गल्ल्यावर बसून तूरडाळ तोलून देत होते आणि कार्ड तसंच गळ्यात! गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणाले, “माह्याच शाळेत पाहुणा झालो आज. बरं वाटलं.”

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

रिसोड तालुक्यातल्या एका शाळेत वानखडे सर गणित शिकवतात. आडवा बांधा, जाड मिशी, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा पाढे म्हणायला लागतात. पहिल्या प्रशिक्षणाला ते अगदी मागे बसले, पेपर तपासत. मी म्हटलं, “सर, थोडं इकडं लक्ष द्या.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्याडम, पोट्टे मले दुरून पाहून रस्ता बदलते. माह्यापाशी येऊन कोण काय सांगणार हाय? त्या मराठीच्या म्याडम गोड बोलते, त्यायले शिकवा. मले कायले बसवता?”

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, “बसा तरी, सर.” ते बसले, आणि पुन्हा पेपर तपासायला लागले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू!

यंदा दिवाळीनंतर आम्ही त्याच शाळेत पुन्हा गेलो. वानखडे सरांची खुर्ची रिकामी होती. मी मनात म्हटलं, आलेच नाहीत बघ. तेवढ्यात फाटकातून सर आले. पायी. चपला धुळीनं भरलेल्या, आणि मागे आठ-दहा पोरी दप्तरं घेऊन. सर आत येऊन बसायच्या आधी हातपाय धुवायला गेले.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. गणिताचा तास संपला, वर्ग रिकामा झाला, पण सहावीतली एक पोरगी जागची हलेना. सरांनी विचारलं, “काय वं?” ती म्हणाली, “सर, मले व्हॅनमंदी पुढच्या सीटवर बसाचं नाही.” आणि रडायला लागली. पुढे तिनं जे सांगितलं ते इथे सांगत नाही.

शाळेची ती व्हॅन चालवायचा सरांचा सख्खा पुतण्या. त्याला ते काम सरांनीच लावून दिलेलं.

सर पुतण्याकडे गेले नाहीत, भावाकडे गेले नाहीत. पोरीला मराठीच्या मॅडमजवळ बसवलं आणि थेट ऑफिसात आले. म्हणाले, “लेकराईच्या हेल्पलाइनले फोन लावा. मी इथंच बसतो.” बाई म्हणाल्या, “सर, आधी घरी एकदा बोलून तर घ्या.” तर म्हणाले, “फोन लावा.” फोन लागेपर्यंत उठले नाहीत. जिल्ह्याहून माणसं आली, पुतण्या कामावरून गेला, केस सुरू आहे. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत व्हॅन उभी. सर आणि त्या पोरी एकाच गावचे, म्हणून सर रोज त्यांना सोबत घेऊन चालत येतात. दोघा भावांच्या घरांना मधली भिंत एकच. या दिवाळीला भिंतीपलीकडून फराळाचं ताट आलं नाही आणि अलीकडून गेलेलं तसंच परत आलं.

चहाच्या सुट्टीत मी सरांजवळ जाऊन उभी राहिले. एरवी माइक मिळाला की मी तासभर बोलते. तिथे नुसता त्यांना चहाचा कप दिला. डोळे भरून आले होते.

शेवटी सरच म्हणाले, “म्याडम, थे पोरगी काल रस्त्यानं मले इचारे. म्हणे, ‘सर, थो तं तुमच्या घरचा होता. मंग तुमाले माह्यं खरं कसं वाटलं?’”

“मग? काय म्हणालात तुम्ही?”

सरांनी कप खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला.

“म्या म्हणलं, माह्या वर्गात खोटं बोलाची हिंमत हाय का कोणाची?” आणि मग म्हणाले, “हासली, म्याडम, थे. चांगली मोठ्यानं हासली.”