झुंबरमावशीच्या तोंडावरची पट्टी

टेंभुर्णीच्या बाजारामागं पिठाची गिरणी होती. पाटीवर नाव कडूबामावसांचं, पण गिरणी चालवायची झुंबरमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. मावसा दिवसभर शेतात. ज्वारीनं भरलेला डबा मावशी बायकांच्या डोक्यावरून उतरवून घ्यायची आणि खाली न टेकवता तसाच वर उचलून गिरणीच्या पेटीत ओतायची. गावात नव्यानं आलेल्या सुना तिच्याकडं बघत राहायच्या. गव्हाची गोणी हलवायला तिनं कधी माणूस बोलावला नाही.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिचा हात वर जाईनासा झाला. वेणी घालताना फणी कानापाशीच अडायची. तिला वाटलं, दिवाळीच्या दळणांचा शिणवटा असेल. मग एकदा डाळ निवडायला जमिनीवर बसली ती उठेचना. "पायाला मुंग्या आल्या असतील," म्हणून ती स्वतःच हसली. शेजारणीनं काखेत हात घालून उठवलं. थोड्याच दिवसांत एका बाईचा भरला डबा तिच्या हातून निसटला आणि गिरणीभर ज्वारी सांडली. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

गावच्या डॉक्टरांनी कमजोरी म्हणून सलाईन लावलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. फरक पडला नाही. दंडाला घट्ट बसणारी चोळीची बाही लोंबायला लागली.

मी तेव्हा औरंगाबादेत कारखान्यात कामाला होतो. मावसांनी निरोप धाडला होता, म्हणून दवाखान्याच्या दारात वाट बघत उभा होतो. रिक्षा थांबली. मावसांनी आतून एका बाईला दोन्ही हातांवर उचलून बाहेर काढलं. मला वाटलं, मावशीसोबत दुसरंही कुणी पेशंट आणलंय. त्या बाईनं मान वळवून मला नावानं हाक मारली, तेव्हा मला कळलं, ही मावशीच. मी तिची पिशवी घेतली आणि नुसताच मागं चालत राहिलो.

तपासण्या झाल्या. मांडीतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"आजाराशी लढायची जी ताकद शरीरात असते, ती यांच्याच स्नायूंवर उलटली आहे," त्या म्हणाल्या. "ती ताकद आपण गोळ्यांनी दाबणार. पण ती दाबली की बाहेरचा कुठलाही आजार पटकन धरतो. साधा खोकलासुद्धा यांना महागात पडेल. त्यामुळं माणसांत असताना तोंडावर मास्क पाहिजे."

"आन् हात? हात पैल्यासारखा व्हईन ना?" मावशीनं विचारलं.

"गेलेलं मांस नुसत्या गोळ्यांनी भरत नाही. स्नायूंची सूज उतरली की व्यायाम करावा लागेल. वजनं उचलायची."

मावशी माझ्याकडं बघायला लागली. जिला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता तिला वजनं उचलायला सांगत होते, तेही तोंड बांधून.

सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाला. मावशी माझ्याच खोलीवर राहायला आली. दवाखान्यातली व्यायामाची खोली लांबट, एका बाजूला खिडक्या, सतत गर्दी. कुणी पडलेलं, कुणी अर्धांग झालेलं, कुणी खोकणारं. मास्क म्हणजे हिरव्या कापडाची पट्टी, मागं नाड्यांनी बांधायची. मावशी तिला पट्टीच म्हणायची. पायाला वाळूची पुरचुंडी बांधून पाय उचलायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. उठता उठता पट्टी घामानं नाकाला चिकटायची आणि श्वास अडायचा. पहिल्या दिवशी तिनं घाबरून ती ओढून काढली.

व्यायाम घेणाऱ्या बाई तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "इथं कुणी नाही. इथं काढा, दम खा, कोरडी पट्टी बांधा, मगच आत या. घाई करू नका. दम लागला की थांबायचं."

तिथंच बेबीनंदा भेटली. जांब समर्थजवळच्या एका वाडीची, बालवाडीत शिकवणारी, तिशीतली. आजार तोच, गोळ्या त्याच. दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर व्यायाम करायच्या. बेबीनंदा झपाट्यानं सुधारत होती. शाळा भरायच्या आत तिला बालवाडीत परत जायचं होतं, म्हणून ती थांबायची नाही. दम लागला की पट्टी हनुवटीखाली ओढायची आणि तशीच पुढं उठबस करायची.

"आगं, बाहीर जाऊन काढ की," मावशी म्हणायची.

"किती वेळा जाऊ, मावशी? गुदमरून राह्यले मी. एवढ्यानं काय व्हतंय?"

मग एक आठवडाभर ती आली नाही. मावशी तिची खुर्ची धरून बसली, दुसऱ्या कुणाला बसू देईना. शेवटी व्यायामाच्या बाईंनीच सांगितलं. छातीत संसर्ग झाला, वॉर्डात हलवलं, आदल्या दिवशी सकाळी ती गेली.

मावशीच्या मांडीवर वाळूची पुरचुंडी होती. ती तिनं किती तरी वेळ तशीच धरून ठेवली. "मागल्या हप्त्यात ती माझ्या आधी उठून उभी राह्यली," ती म्हणाली. "मला म्हनली, बघा, मी जिंकले."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पट्टी काढत होती म्हणून असं झालं का. त्यांनी मान हलवली. "कुठं काय लागलं ते कुणीच सांगू शकत नाही. मास्कनं सगळंच टळतं असंही नाही. पण तुमच्या मावशींना तो सोडू देऊ नका."

सांगायची गरज पडली नाही. मावशी पट्टी बांधूनच टेंभुर्णीला उतरली.

तिथं दुसराच धक्का बसला. गावानं पट्टी पाहिली आणि ठरवलं, बाईला टीबी झालाय. काहीजण त्याहून वाईट आजाराचं नाव हळूच घ्यायचे. दळणं कमी झाली. एक बाई गिरणीत ठेवलेला डबा न दळताच परत घेऊन गेली. जाऊ सगुणाबाईनं मावशीचा तांब्या आणि ताट वेगळं मांडलं. मावशीनं ते पाहिलं आणि त्याच ताटात जेवली.

मग एका दुपारी मावसा म्हणाले, "ती पट्टी काढ आता. लोक भेऊन राह्यले. गिरणी बंद पडन."

ज्या माणसानं तिला लेकरासारखं उचलून दवाखान्यात नेलं होतं, त्याच्या तोंडून हे आलं.

"काढते," ती म्हणाली. "आन् त्या बेबीनंदासारखी मी गेले, मंग?"

मावसा उठून बाहेर गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी मावशीनं खुर्ची गिरणीसमोरच्या ओट्यावर मांडायला लावली. पट्टी बांधली, पायाला वाळू बांधली आणि भर बाजारात व्यायाम सुरू केला. मी सुट्टीवर आलो होतो, शेजारी उभा होतो. बघता बघता घोळका जमला. पंक्चरचं दुकान असलेले लालमियाँ ओट्यावर चढून आले. तोंडावर हात न धरताच खोकले आणि म्हणाले, "झुंबरबाई, बराबर सांगा. टीबी हाये का तुमाला?"

"न्हाई, लालमियाँ. माझ्यापासून तुमाला काईच लागत न्हाई. उलटं हाये. तुमचा खोकला मला लागला तर मी मरन. तसलीच एक बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर व्हती, ती मेली. म्हनून बांधून राह्यले."

लालमियाँच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय करत होतो हे त्यांना त्या क्षणी उमगलं असावं. त्यांनी गळ्यातला रुमाल तोंडावर ओढला आणि मागं सरकत सरकत पार ओट्याखाली उतरले. एका बाईनं कडेवरचं शेंबडं लेकरू घेऊन मुकाट्यानं काढता पाय घेतला. इतके दिवस मावशीला भिणारी माणसं आता तिच्या जिवाला आपलंच भय आहे म्हणून लांब उभी राहिली.

दळणं परत आली, सगळी नाही. लालमियाँची बायको अकबरबी सर्वांत आधी आली, डबा ओट्यावर ठेवून दूर उभी राहिली. सगुणाबाईनं मात्र ताट वेगळंच ठेवलं, कायमचं.

मावशीचा व्यायाम चालू राहिला, रोज सकाळी, ओट्यावरच. वाळू थोडी थोडी वाढत गेली. दुसऱ्या वर्षी ती जमिनीवरून एकटीनं उठली. आधी गुडघ्यावर, मग हात मांडीवर दाबून. गोणी मात्र तिला पुन्हा उचलता आली नाही. गिरणीला गडी ठेवला आणि ती शेजारी बसून दळण बघायची.

पुढं गोळ्या कमी होत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता गर्दी सोडून इतर वेळी तोंड उघडं ठेवलं तरी चालेल. मावशी पट्टी न बांधता गिरणीत बसली त्या सकाळी बायका दारातच थबकल्या. गोळ्यांनी आधी सुजलेला तिचा चेहरा नंतर ओसरला होता, गाल बसले होते, ओठांभोवती सुरकुत्या आल्या होत्या. एवढ्या वर्षांत गावानं तिचे फक्त डोळेच पाहिले होते. अकबरबीनं डबा खाली ठेवला, जवळ जाऊन तिच्या गालावरून हात फिरवला आणि रडायला लागली.

"आगं, जित्ती हाये मी," मावशी म्हणाली. "जल्दी दे, लाईट जाईन."