लेकीच्या हातचा जोगवा

आई भवानीवर मी त्या दिवसांत चक्क रुसले होते, हे आधीच कबूल करते. आमच्या यांना टीबी निघाला होता. आमच्या जळकोटहून तुळजापूर काही फार लांब नाही. दर पौर्णिमेला पायरीवर डोकं टेकवणारी मी, देवीनं हे माझ्याच घरी का धाडावं म्हणून धुसफुसत होते. त्याच तिरमिरीत एक चूक करून बसले. नऊ वर्षांच्या लेकीला आजाराचं नावच सांगितलं नाही. साधा खोकला आहे, पण पप्पांच्या जवळ जायचं नाही, एवढंच बजावलं.

लपवलेलं गावात कुठं टिकतं? नाव तिला शाळेत कळलं आणि नको नको त्या गोष्टीही कळल्या. पोरगी दिवसभर हात धुवायची, बोटांची सालं निघाली. पुढं यांना गोळ्या लागू पडल्या. आता यांच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीची तपासणीही चांगली आली. मी आनंदानं तिला सांगायला गेले, तर म्हणाली, "तू आधीबी खोटंच बोललीस." आपल्या हातानं सगळ्यांना आजार होईल, हे तिनं मनाशी धरलं होतं. ती एकटी जेवायची, मैत्रिणींनाही शिवायची नाही. शेवटी मी देव्हाऱ्यापुढं बसून म्हणाले, आई, ही माझं ऐकत नाही, आता तूच सांग.

एका मंगळवारी सकाळी दारात हाळी आली, "आईचा जोगवा वाढा माय!" गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, अशी एक अनोळखी म्हातारी आराधीण उभी होती. मी धुण्यात होते, म्हणून लेकीला पीठ घालायला सांगितलं. ती वाटी घेऊन उंबऱ्याशीच थांबली.

"आज्जी, आमच्या घरात टीबी हाय. माझ्या हातानं तुमाला लागंल."

गल्लीभर ऐकू गेलं असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र मागं सरली नाही, खाली ओट्यावर टेकली.

"मलाबी झाला व्हता की. सहा म्हैने गोळ्या खाल्ल्या, एक दिस चुकवला न्हाय. खोकल्यातनं लागतो त्यो, पिठातनं न्हाय. तुझी तपासणी झाली न्हवं? मग घाल."

"तुमी खरं सांगताव?"

"आईची परडी हातात धरून खोटं न्हाय बोलत, लेकी."

पोरीनं पीठ घातलं. म्हातारीनं तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि ती पुढच्या घरी गेली. ती कुठली, कुणाची, हे गल्लीत कुणालाच सांगता आलं नाही. काही जणी म्हणतात, आईच आली होती; मी त्यावर वाद घालत नाही.

धुणं तसंच टाकून मी लेकीपुढं बसले. आजार कधी कळला, मी किती घाबरले, खोटं का बोलले, किती गोळ्या राहिल्या, सगळं सांगितलं. जे मला ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही म्हणाले. तिनं प्रश्नांवर प्रश्न विचारले. मी एकही टाळला नाही.

संध्याकाळी हे सवयीनं बाजूला जेवायला बसले. लेक आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी गेली. हे सरकले, तशी तीही सरकली.

"सरकू नका पप्पा. मी समदं विचारून घेतलंय."

यांचा घास हातातच राहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली.

सगळं देवीवर सोपवून मी मोकळी होऊ पाहत होते. तिनं माझं काम माझ्याच पदरात परत घातलं. आई, तुझे उपकार. लेकीला खरं सांगायचं बळ तेवढं माझ्यात राहू दे. बाकीचं तुझं तू बघ.